भोपळ्याच्या मऊ मसाला कुकीज : कोकणातल्या दमट हवेत न बिघडवता

ज्यांच्या हातचे घारगे कधी चुकत नाहीत, त्यांच्याही भोपळ्याच्या कुकीज पहिल्या घाण्याला फसतात, आणि फसतात त्या बहुधा घारग्यांच्याच सवयीमुळे. घारग्यांना भोपळ्याचा कीस गुळात शिजवायचा आणि त्यात मावेल तेवढे पीठ घालायचे. पाणी जास्त सुटले तर पीठ थोडे जास्त. कुकीजना हा हिशोब चालत नाही. पीठ वाढले की लोण्या-साखरेचे प्रमाण घटते आणि कुकी चिवट होते. पीठ वाढवले नाही, तर ती केकसारखी फुगते आणि दुसऱ्या दिवशी वरून चिकट होते. तांबड्या भोपळ्यात वजनाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते. ते आधी काढायचे आणि पीठ ठरल्याइतकेच घ्यायचे. खालची सगळी कृती या एका गोष्टीभोवती फिरते.

साहित्य (४० ग्रॅमच्या साधारण १६ कुकीज)

- आटवलेला भोपळ्याचा गर : १२० ग्रॅम (त्यासाठी साल-बियांसकट ६०० ग्रॅम भोपळा)
- मैदा : २५० ग्रॅम
- बिनमिठाचे लोणी : ११५ ग्रॅम
- बारीक गूळ पावडर : १०० ग्रॅम
- साखर : ६० ग्रॅम
- अंड्याचा फक्त पिवळा बलक : १ (अंडे नको असल्यास घट्ट चक्का १ मोठा चमचा)
- खाण्याचा सोडा : अर्धा छोटा चमचा
- बेकिंग पावडर : अर्धा छोटा चमचा
- मीठ : पाव छोटा चमचा
- दालचिनी पूड : दीड छोटा चमचा
- सुंठ पूड : १ छोटा चमचा
- किसलेले जायफळ : पाव छोटा चमचा
- लवंग पूड : पाव छोट्या चमच्याहून कमीच
- जायपत्रीची पूड : चिमूटभर, असल्यास

छोटा चमचा ५ मिलीचा, मोठा १५ मिलीचा, सपाट भरून. मैदा, गर आणि गूळ वाटीने मोजू नका. पावसाळ्यात मैदा ओल धरून दाबून बसतो आणि एकाच वाटीत कधी ११० तर कधी १४० ग्रॅम भरतो. साधा डिजिटल काटा इथे ओव्हनपेक्षाही जास्त उपयोगाचा आहे.

## १. भोपळा निवडणे आणि गर आटवणे (शक्यतो आदल्या दिवशी)

साल नखाने दबणार नाही इतकी कडक आणि देठ सुकलेला असावा. बाजारात फोड कापून मिळत असेल तर कापलेल्या बाजूला पाण्याचे थेंब आलेले नकोत, गर गडद केशरी हवा आणि बिया भरलेल्या हव्यात. वेलावरून नुकत्याच उतरवलेल्या भोपळ्यापेक्षा महिना-दोन महिने माळ्यावर ठेवलेला भोपळा चांगला. साठवणीत त्यातले पाणी कमी होते आणि स्टार्चची साखर होत जाते, त्यामुळे गोडी वाढते.

भोपळा पाण्यात उकडू नका. कुकरच्या डब्यातही नको, कारण सुटलेले पाणी डब्यातच राहते आणि गर तेच पुन्हा शोषतो. घरात मोदकपात्र असतेच, ते काढा. बिया आणि बियांभोवतीचे दोरे खरवडून टाका, तीन बोटे रुंद फोडी करा आणि साल वर, गर खाली अशा चाळणीवर मांडा. साल वर असली की झाकणावरून टपकणारे पाणी सालीवरून ओघळून जाते. झाकणाला आतून पंचा बांधला तर आणखी बरे. १५ मिनिटांत सुरी सहज आत जाते. फोडी चाळणीवरच उघड्या ठेवून निववा, म्हणजे बरीच वाफ निघून जाईल.

ओटीजी (विजेवरचा छोटा घरगुती ओव्हन) असेल तर दुसरा मार्ग : सालीसकट फोडी २०० अंशांवर ४० ते ४५ मिनिटे भाजा. वेळ आणि वीज जास्त लागते, पण पाणी कमी राहते आणि कडा किंचित भाजल्याने चव खोल होते. वेळ हाताशी असेल तर हाच मार्ग घ्या.

साल काढून गर पुरणयंत्रातून फिरवा. दोरे वर अडकतात आणि खाली एकजीव गर येतो. मिक्सरमध्ये पाते फिरावे म्हणून हमखास दोन चमचे पाणी घातले जाते, आणि आतापर्यंतचे श्रम वाया जातात.

आता आटवणे. जाड बुडाची पसरट कढई घ्या आणि रिकामी असतानाच तिचे वजन लिहून ठेवा. गर घालून मध्यम आचेवर उलथन्याने सतत बूड खरवडत राहा. सुरुवातीला गर फटफट उडतो, तेव्हा आच कमी करा आणि हात लांब ठेवा. गरम गर कातडीला चिकटून भाजतो. वीस-पंचवीस मिनिटांत उडणे थांबते, गर उलथन्याबरोबर एकत्र सरकू लागतो आणि रंग केशरीवरून विटकरीकडे झुकतो. कढईसकट वजन करून कढईचे वजन वजा करा. शिजलेला गर ३५० ग्रॅम असेल तर तो १४० ग्रॅमच्या आसपास यायला हवा, म्हणजे मूळ वजनाच्या साधारण चाळीस टक्क्यांवर.

तपासा : चमचाभर गर बशीत ढीग करून पाच मिनिटे ठेवा. ढिगाभोवती पाण्याची कड दिसली तर कढई पुन्हा गॅसवर चढवा. उलथन्याने बुडाशी काढलेली रेघ मिटता कामा नये.

सावधान : या टप्प्यावर गूळ घालू नका. गूळ वितळला की गर पुन्हा सैल होतो आणि किती आटला ते कळेनासे होते.

गर पूर्ण निवू द्या. आजच वापरायचा नसेल तर डब्यात भरून फ्रीजमध्ये दोन दिवस राहतो. वापरण्याआधी तासभर बाहेर काढा आणि तेव्हाच १२० ग्रॅम मोजून घ्या. उरलेला गर कुकीजच्या पिठात ढकलायचा मोह आवरा. तो थालीपिठात छान जातो.

## २. बाकी साहित्य तपासणे

सोडा आणि बेकिंग पावडर. समुद्राच्या हवेत उघडा राहिलेला बेकिंग पावडरचा डबा दोन-तीन महिन्यांत मरतो, छापलेली तारीख काहीही असो. चिमूटभर पावडर गरम पाण्यात टाका, जोरात फसफसली पाहिजे. सोडा लिंबाच्या रसात टाकून बघा. दोन्ही बरण्या घट्ट बंद ठेवा. फ्रूट सॉल्ट यांच्याऐवजी चालत नाही. त्याचा जोर पीठ थंड होत असतानाच संपतो.

गूळ. पाझरलेला गूळ अजिबात नको. जून ते सप्टेंबर घरच्या ढेपेला ओल सुटतेच, त्या दिवसांत बंद पाकिटातली कोरडी पावडर घ्या. चिक्कीचा गूळही नको, त्याने कुकी दाताला चिकटते. पावडर चाळून घ्या, कारण या कृतीत गूळ पाकासारखा वितळत नाही. खडा राहिला तर तिथे काळा, जळका ठिपका पडतो. सगळी साखर घालून गूळ वगळला तर कुकीज होतील, पण मऊपणा कमी पडेल. गुळातला न जमणाऱ्या साखरेचा अंश ओलावा धरून ठेवतो.

दालचिनी. इथे प्रमाण चुकते, कारण दोन वेगळ्या साली एकाच नावाने विकल्या जातात. कोकणातल्या बागांत होणारी खरी दालचिनी पातळ, कागदासारख्या थरांची, सौम्य आणि गोडसर असते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ ही जात याच प्रकारची. किराणा दुकानातली जाड, लाकडासारखी साल बहुतेक वेळा कॅशियाची असते आणि ती तिखट असते. वर दिलेला दीड चमचा जाड सालीचा आहे. पातळ दालचिनी असेल तर दोन चमचे घ्या.

मसाले मंद आचेवर मिनिटभर फक्त कोमट करा, ओल जाण्यापुरते. मग दळून बारीक चाळणीने चाळा, दालचिनीचा रवा कुकीत वाळूसारखा लागतो. जायफळ आयत्या वेळी किसा. नारळ-पोफळीच्या वाडीत जायफळाचे झाड असेल तर जायपत्रीही असतेच; ती सावलीत वाळवून चिमूटभर घालाच, भोपळ्याला ती फार शोभते. जायफळ मात्र पाव चमच्याच्या वर नेऊ नका, कडवट होते. लवंगेचेही तसेच.

पीठ. मैद्यापैकी ५० ग्रॅमपर्यंत कणीक किंवा नाचणीचे पीठ चालते. नाचणी रंगाला आणि चवीला छान, पण त्याहून जास्त घातली तर कुकी उचलतानाच तुटते. सगळी कणीक वापरली तर ती गरातला ओलावा ओढून घेते आणि कुकी जड होते.

लोणी. खारे लोणी असेल तर वरचे मीठ वगळा. तूप वापरायचेच तर ११५ नव्हे, ९२ ग्रॅम घ्या. लोण्यात साधारण ऐंशी टक्केच स्निग्धांश असतो, तूप जवळपास सगळेच स्निग्ध.

## ३. कोरडे मिश्रण

मैदा, सोडा, बेकिंग पावडर, मीठ आणि सगळे मसाले एकत्र दोनदा चाळा. सोड्याची गुठळी राहिली तर ती कुकी तेवढ्या जागी साबणासारखी लागते. बाकी या टप्प्यात चुकण्यासारखे काही नाही.

## ४. लोणी आणि साखर

परदेशी कृतींत लोणी तासभर बाहेर ठेवायला सांगतात. तिथल्या खोलीत वीस अंश असतात, आपल्याकडे मे महिन्यात ओट्यावर तेहतीस. फ्रीजमधून काढून तुकडे करा आणि दहा-पंधरा मिनिटांत कामाला लागा. बोटाने दाबले की खळगा पडावा, पण बोट तेलकट चमकू नये. चमकले तर लोणी जास्त सैल झाले. पुन्हा दहा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवा.

लोणी, गूळ पावडर आणि साखर हँड बीटरने मध्यम वेगावर दोन मिनिटे फेटा. रंग थोडा उजळला की बास. केकसाठी फेटतो तसे पाच-सहा मिनिटे फेटले तर जास्तीची हवा भरते. कुकी ओव्हनमध्ये फुगते आणि बाहेर आल्यावर मध्यभागी बसते. बीटर नसेल तर लाकडी चमच्याने चार-पाच मिनिटे घोटा.

मग बलक घालून अर्धा मिनिट फेटा. अख्खे अंडे घालू नका. पांढऱ्या भागात पुन्हा पाणीच असते, आणि तो कुकीला केकाचा पोत देतो.

## ५. गर आणि पीठ मिसळणे

खोलीच्या तापमानावर आलेला १२० ग्रॅम गर घालून मिसळा. मिश्रण फाटल्यासारखे दिसेल, घाबरू नका. लोण्याला गरातले पाणी लगेच धरता येत नाही, पीठ पडले की सारखे होते. गर गरम असेल तर मात्र लोणी वितळेल आणि ते सावरता येणार नाही. फ्रीजमधला गार गर थेट घातला तर उलटे होते, लोण्याचे कण कण होतात.

कोरडे मिश्रण दोन हप्त्यांत घाला. आता बीटर बाजूला. रबरी उलथन्याने खालून वर, कडेने मध्यभागी असे दुमडत जा आणि कोरडे पीठ दिसेनासे झाले की थांबा. हात घालून मळू नका. पीठ चिकट दिसले की मळायला हात शिवशिवतो, आणि तिथेच बहुतेकांच्या कुकीज रबरी होतात. मैदा जितका मळाल तितके ग्लुटेन (पिठाला चिवट करणारे प्रथिनांचे जाळे) तयार होते.

तपासा : तयार पीठ श्रीखंडापेक्षा घट्ट आणि मोदकाच्या उकडीपेक्षा सैल असावे. बोटाला चिकटेल, पण चमचा उलटा केला तर लगेच पडणार नाही. याहून सैल वाटले तरी मैदा वाढवू नका. एक तर गर कमी आटला आहे किंवा लोणी वितळले आहे, आणि दोन्हींवर उपाय पुढच्या टप्प्यात आहे.

## ६. थंड करणे

भांडे झाकून फ्रीजमध्ये एक तास. एप्रिल-मेमध्ये दीड तास. पीठ सैल झाले असेल तर दोन तास. या वेळात लोणी पुन्हा घट्ट होते, मैदा ओलावा शोषतो आणि मसाला मुरतो. फ्रीजरमध्ये वीस मिनिटे ठेवून वेळ वाचवायला जाऊ नका, त्यात पीठ कडेने गोठते आणि मध्ये सैलच राहते.

मध्येच वीज गेली तर फ्रीज उघडू नका. बंद फ्रीज साधारण चार तास गार राहतो आणि हे पीठ चोवीस तासांपर्यंत थांबू शकते. पावसाळ्यात कुकीज करताना हा हिशोब आधीच धरा : पीठ आदल्या रात्री भिजवून ठेवा आणि सकाळी वीज असेल तेव्हा भाजा.

## ७. आकार देणे आणि भाजणे

ओटीजी १७५ अंशांवर, वरचा आणि खालचा दोन्ही रॉड चालू ठेवून, पंधरा मिनिटे तापवा. तापल्याचा दिवा विझला म्हणून लगेच ट्रे आत सरकवू नका. दिवा हवेचे तापमान सांगतो, भिंती अजून गार असतात. ओटीजीचे बटण आणि आतले खरे तापमान यांत वीस अंशांचा फरक सहज निघतो, म्हणून आत ठेवायचा थर्मामीटर घ्याच.

गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडते, तेव्हा भाजायला बसू नका. २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले तर रॉडची उष्णता एकदम दोन-तृतीयांशावर येते. दार उघडल्यावर ओव्हन पुन्हा तापायला फार वेळ घेतो, आणि तेवढ्यात कुकी पसरते, वाळते, पण तिला रंग येत नाही.

ट्रेवर बटर पेपर घाला. काट्यावर ४० ग्रॅमचे गोळे मोजा. हाताला चिकटत असतील तर तळवे पाण्याने ओले न करता लोण्याचा हात लावा. गोळे दोन इंच अंतरावर ठेवा आणि प्रत्येक गोळा दाबून सव्वा सेंटीमीटर जाडीचा करा. ही पायरी सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. साध्या बटर कुकीज आपोआप पसरतात, भोपळ्याच्या पसरत नाहीत; गोळा ठेवला तर गोळाच बाहेर येतो, वरून भाजलेला आणि आत कच्चा. एका वेळी एकच ट्रे, मधल्या खणात. दुसरा घाणा होईपर्यंत उरलेले पीठ फ्रीजमध्ये ठेवा, आणि गरम ट्रेवर गोळे मांडू नका.

वेळ ११ ते १३ मिनिटे. पहिली आठ मिनिटे दार उघडू नका. काळा ट्रे असेल तर दहा अंश कमी ठेवा. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये १६० अंश, वेळ साधारण तेवढाच.

झाल्याची खूण : कडा बसलेल्या, खालची बाजू फिकट बदामी, मध्यभाग किंचित कच्चा वाटावा असा. बोटाने हलके दाबल्यावर पुसट ठसा राहावा. वरचा रंग बघून ठरवू नका, भोपळा आणि गूळ यांमुळे कुकी सुरुवातीपासूनच तांबूस दिसते. मध्यभाग घट्ट लागेपर्यंत थांबलात तर निवल्यावर ती मऊ राहणार नाही.

ओव्हन नसेल तर : जाड लोखंडी कढईत तळाला दोन वाट्या जाडे मीठ, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण. मध्यम आचेवर बारा मिनिटे तापवा, मग चार-पाच कुकीजची ताटली ठेवून मंद आचेवर १८ ते २० मिनिटे. खालून रंग लवकर येतो, म्हणून पंधराव्या मिनिटाला एक उचलून बघा. नॉनस्टिक भांडे कोरडे तापवू नका. कुकर वापरायचा असेल तर रबर आणि शिटी दोन्ही काढून ठेवा.

## ८. निववणे आणि डबा भरणे

बाहेर काढल्यावर पाच मिनिटे ट्रेवरच राहू द्या, लगेच उचलल्या तर मोडतात. मग जाळीवर घ्या. ताटात निववल्या तर खालची वाफ अडकून बूड ओले होते. दमट दिवसांत निवायला दीड तासही लागतो. तळाला हात लावून जरासुद्धा कोमट नाही याची खात्री करा. पंख्याखाली ठेवायला हरकत नाही. दालचिनी-साखरेत घोळवायच्या असतील तर ते हिवाळ्यातच करा, पावसाळ्यात वरची साखर रात्रीत पाझरते.

डब्यात थरांमध्ये बटर पेपर घाला. या कुकीज ओल्या जातीच्या आहेत, नानकटाईसारख्या महिनाभर टिकणार नाहीत. थंडीत बाहेर दोन दिवस राहतात. जुलै-ऑगस्टमध्ये पहिल्या दिवसानंतर सरळ फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी बुडाला बुरशी दिसेल. फ्रीजमध्ये पाच दिवस चांगल्या राहतात. खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढा किंवा दीडशे अंशांवर तीन मिनिटे कोमट करा.

## बिघाड ओळखताना

केकसारख्या फुगीर, कोरड्या चुऱ्याच्या : गर ओला राहिला किंवा अख्खे अंडे पडले. दुसऱ्या दिवशी वरून चिकट : गर कमी आटला, किंवा कोमट असतानाच डबा बंद केला, भाजण्यात सहसा चूक नसते. सपाट, तेलकट, कडेला जाळी पडलेल्या : लोणी वितळले होते किंवा पीठ पुरेसे गार झाले नव्हते. उरलेले पीठ आणखी तासभर फ्रीजमध्ये ठेवले तर पुढचा घाणा सुधारतो. चिवट : मळल्या. खाली काळ्या, वर फिकट : ट्रे सगळ्यात खालच्या खणात होता किंवा फक्त खालचा रॉड चालू होता. तोंडात खारट-साबणी चव : सोडा जास्त झाला. फुगाव्यात म्हणून तो वाढवायची गरज नाही, गुळातला किंचित आंबटपणा अर्ध्या चमच्याला पुरतो.

सगळ्या कुकीज एकदम लागणार नसतील तर भाजून साठवण्यापेक्षा कच्चे गोळे गोठवा. गोठवण्याआधीच ते दाबून सव्वा सेंटीमीटर जाड करा, कारण दगडासारखा गोळा नंतर दाबता येत नाही. ताटात तासभर गोठवून मग पिशवीत भरा. दोन महिने टिकतात. भाजताना बाहेर काढून वितळू देऊ नका, पाणी सुटते. थेट गरम ओव्हनमध्ये घाला आणि दोन मिनिटे जास्त भाजा.